सायनसमधली साधी गाठ: वाट ठरवण्याआधी मूळ शोधा

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतली पोकळी. तिथली साधी (कर्करोग नसलेली) गाठ काढायला नाकातून दुर्बिणीने जायचं की बाहेरून छेद घेऊन, हे नंतर. आधी गाठ हाडाला नेमकी कुठे चिकटली आहे ते शोधा. मागच्या वेळी हेच राहिलं. आकार बघून वाट ठरवली आणि मूळ निघालं मॅक्सिलरीच्या (गालामागच्या सायनसच्या) पुढच्या भिंतीवर, जिथे अवजारं पोचेनात.

एकाच नाकपुडीत पॉलिप (मऊ, लोंबता फुगवटा) दिसला तर आधी सीटी, मग बायॉप्सी. क्रम उलटा नको. वयात येणाऱ्या मुलात ती अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकते, आणि चिमटा लागला की रक्त आवरत नाही.

सीटीचे काप 1 मिमी किंवा पातळ, तिन्ही प्रतलांत. बोन विंडो (हाड स्पष्ट दाखवणारी सीटीची मांडणी) स्वतः उघडून बघा. इन्व्हर्टेड पॅपिलोमात (अस्तरातून आत वाढणाऱ्या साध्या गाठीत) एखाद्या जागी हाड जाड किंवा टोकदार झालेलं दिसतं, मूळ बहुधा तिथेच असतं. ‘सायनस पूर्ण भरलेला’ एवढ्या रिपोर्टवर थांबू नका. भरलंय ते सगळं गाठच असेल असं नाही. साचलेला स्राव कुठला आणि गाठ कुठली, हे एमआरआय सांगतो. मूळ कुठे, हे कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मॅक्सिलरीच्या आतल्या भिंतीवर मूळ असेल तर एंडोस्कोपिक मीडियल मॅक्सिलेक्टमी (दुर्बिणीने ती आतली भिंत काढणं) पुरते. पुढच्या भिंतीवर असेल तर प्रीलॅक्रिमल वाट (अश्रुनलिकेच्या पुढून सायनसमध्ये शिरणं), पण अश्रुनलिका आणि पुढची भिंत यांतलं अंतर आधी मोजा. 7 मिमीच्या वर असेल तर काम सोपं. 3 मिमीच्या आत असेल तर नलिका सरकवावी लागते, म्हणून डेंकर (नाकाच्या पुढच्या कडेचं हाडही काढून जाणं) किंवा काल्डवेल-लक (वरच्या हिरडीवरून छेद घेऊन जाणं) मनात ठेवा. फ्रंटलमध्ये (कपाळातल्या सायनसमध्ये) मूळ डोळ्याच्या बाहुलीतून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला गेलं असेल तर ड्राफ 3 (दोन्ही फ्रंटलची नाकातली तोंडं एक करून रुंद करणं) करूनही ड्रिल पोचेल याची खात्री नाही. ऑस्टिओप्लास्टिक फ्लॅपची (बाहेरून कपाळाचं हाड झाकणासारखं उघडण्याची) तयारी हवी. स्फेनॉइडमध्ये (नाकामागच्या खोल सायनसमध्ये) कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी रोहिणी) आणि ऑप्टिक नर्व्ह (दृष्टीची नस) हाडाच्या आवरणाविना उघड्या आहेत का ते बघा. असतील तर तिथे ड्रिल अजिबात नको.

ऑस्टिओमा (हाडाचीच साधी गाठ) त्रास देत नसेल, वाढत नसेल तर नुसतं लक्ष ठेवा.

संमतीपत्रात बाहेरच्या छेदाचा उल्लेख हवाच. हाताशी 45 आणि 70 अंशांची (कोपऱ्यात वळून बघणारी) दुर्बीण, वाकडा ड्रिल. मुळाखालचं हाड घासायचं. नुसती गाठ उपटली तर ती परत येते. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला, कारण पॅपिलोमात कर्करोग दडलेला असू शकतो. दुर्बिणीची तपासणी पुढची अनेक वर्षं.