हायकोर्टाचा जीएसटी निकाल आपल्या प्रकरणात वापरण्याआधी

अनुकूल निकाल सापडला की तो नोटिशीच्या उत्तराला लगेच जोडू नका. आधी त्याचा शेवट वाचा. मागणी रद्द झाली, की सुनावणी दिली नव्हती म्हणून प्रकरण अधिकाऱ्याकडे परत गेलं, हे तिथे कळतं. परत पाठवलेल्या प्रकरणातून कर लागतो की नाही याचं उत्तर मिळत नाही. पण तुम्हालाही सुनावणी मिळाली नसेल, तर तो निकाल जरूर वापरा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) नुसार विरोधात निर्णय द्यायचा असेल, तर न मागताही सुनावणी द्यावीच लागते.

मग निकाल अजून टिकून आहे का ते बघा. बहुतेक जण चुकतात ते इथेच. सफारी रिट्रीट्स या मॉल बांधणाऱ्या कंपनीचं प्रकरण घ्या. भाड्याने द्यायच्या मॉलच्या बांधकामावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) ओरिसा हायकोर्टाने २०१९ मध्ये मान्य केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला सारला, पण बांधकामावरचं क्रेडिट नाकारणाऱ्या कलम १७(५)(ड) मधल्या ‘प्लांट ऑर मशिनरी’ (ही सोडून, असा अपवाद) या शब्दांच्या आधारे मॉल ‘प्लांट’ ठरू शकतो का, हे तपासायला प्रकरण हायकोर्टाकडे परत पाठवलं. पुढे वित्त कायदा २०२५ ने त्यातला ‘ऑर’ काढून ‘अँड’ घातला, तोही १ जुलै २०१७ पासून लागू. म्हणजे ‘ऑर’ या शब्दावर उभा असलेला हा आधारच काढून घेतला. म्हणून निकालाची तारीख, त्यावरचं अपील किंवा स्थगिती आणि त्यानंतरचे सगळे वित्त कायदे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुप्रीम कोर्टाने विशेष अनुमती याचिका (अपील ऐकण्याची परवानगी मागणारा अर्ज) कारणं न देता एका ओळीत फेटाळली असेल, तर ‘सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं’ असं लिहू नका. तसा अर्थ होत नाही.

महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यावर मुंबई हायकोर्टाचा निकाल बंधनकारक असतो. दुसऱ्या राज्याचा निकाल आधाराला द्यावा, पण त्याच मुद्द्यावर मुंबईचा विरोधी निकाल नाही ना, हे आधी शोधावं.

उत्तरात संपूर्ण प्रत जोडा, परिच्छेद क्रमांक द्या आणि तुमचं कलम, कालावधी व व्यवहार त्या प्रकरणाशी कुठे जुळतो ते दोन-तीन वाक्यांत मांडा. नुसतं पक्षकाराचं नाव लिहून भागत नाही.

तरीही आदेश विरोधात गेला, तर रिट (थेट हायकोर्टात याचिका) की अपील या घोळात मुदत घालवू नका. अपिलाला कलम १०७ खाली आदेश कळल्यापासून ३ महिने मिळतात. सबळ कारण असेल तर अपील अधिकारी आणखी १ महिना देऊ शकतो, त्यापुढे नाही. मान्य असलेली रक्कम पूर्ण आणि वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. आदेश जीएसटी पोर्टलवर येऊन पडलेला असतो, म्हणून तिथला नोटिसा-आदेशांचा भाग दर आठवड्याला उघडून बघा.