बेझ्लोटोक्सुमॅबवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

संशोधन दर्जाची बेझ्लोटोक्सुमॅब ही अँटीबॉडी (विशिष्ट रेणूला चिकटणारे प्रथिन) हाती आली की नवख्या विद्यार्थ्याला लगेच एलायझा, म्हणजे अँटीबॉडी लक्ष्याला चिकटते का हे पाहणारी चाचणी, लावावीशी वाटते. माझा आग्रह असा की, त्याआधी तिची डेटाशीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या आतड्यातील जिवाणूच्या टॉक्सिन बी या विषाला चिकटणारी ही मानवी मोनोक्लोनल अँटीबॉडी अमेरिकेत २०१६ साली, संसर्ग पुन्हा उद्भवू नये यासाठीचे औषध म्हणून मंजूर झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मर्क कंपनीने ते औषध बंद केले. आपल्याकडे येते ती त्याच अमिनो आम्लांच्या अनुक्रमावरून बनवलेली प्रत असते. ती रुग्णासाठी नसते आणि तिच्यावरील शर्करांची जडणघडण मूळ औषधासारखीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

डेटाशीटमध्ये सर्वप्रथम सोडियम अझाइड आहे का, हे पाहावे, कारण हे परिरक्षक जिवंत पेशींना स्वतःच मारते आणि मग टॉक्सिनचा परिणाम कोणता व अझाइडचा कोणता, हे सांगता येत नाही. अँटीबॉडीचे लहान भाग करून गोठवावेत. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये.

खरा कस लागतो तो न्यूट्रलायझेशन चाचणीत, म्हणजे अँटीबॉडी टॉक्सिनपासून पेशींना वाचवते का, हे पाहणाऱ्या चाचणीत. एलायझामध्ये अँटीबॉडी टॉक्सिनला चिकटली म्हणजे तिने ते निष्प्रभ केले, असे मुळीच नाही, आणि या दोहोंतील फरक ध्यानात न घेता काढलेले निष्कर्ष मी अनेक प्रबंधांत वाचले आहेत. टॉक्सिन बी पेशीत शिरून ऱ्हो कुळातील प्रथिनांना ग्लुकोज जोडते, त्यामुळे पेशीला आकार देणारा अ‍ॅक्टिन प्रथिनाचा सांगाडा ढासळतो. आदल्या संध्याकाळी तळाला पसरून चिकटलेल्या व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) टॉक्सिन घातल्यावर सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चमकदार ठिपक्यांसारख्या दिसतात आणि काहींच्या कडेने बारीक तंतू तेवढे उरलेले असतात. या पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या पेशीसंग्रहातून मागवता येतात. आल्यावर मायकोप्लाझ्माची (पेशींना नकळत दूषित करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची) तपासणी मात्र करून घ्यावी.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी मिळाल्यावर आधी टॉक्सिनचेच प्रमाण ठरवावे: रात्रभरात जवळपास सर्व पेशी गोल करणारी सर्वांत कमी मात्रा निवडावी. मात्रा गरजेपेक्षा फार जास्त ठेवली, तर उत्तम अँटीबॉडीही निकामी वाटते. दोन्हींचे प्रमाण वजनावर न ठरवता मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येवर, मोजावे, कारण टॉक्सिन बी सुमारे २७० किलोडाल्टनचे, तर अँटीबॉडी सुमारे १५० किलोडाल्टनची असते. त्यानंतर अँटीबॉडीची क्रमवार पातळ द्रावणे टॉक्सिनसोबत काही काळ ठेवून मगच ती पेशींवर घालावीत. केवळ टॉक्सिन, केवळ अँटीबॉडी आणि टॉक्सिनशी संबंध नसलेली आयजीजी१ (बेझ्लोटोक्सुमॅबच्याच वर्गातील अँटीबॉडी) हे तुलनेसाठीचे तिन्ही कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवेतच. विशेषतः तिसरा, जो खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी वगळला जातो.

टॉक्सिन जिवाणूच्या कोणत्या स्ट्रेनचे (वाणाचे) आहे, याची नोंद न विसरता ठेवावी. रायबोटाइप ०२७ या उपप्रकाराच्या टॉक्सिन बीचा अनुक्रम वेगळा असून त्याच्यावर बेझ्लोटोक्सुमॅबचा प्रभाव कमी पडतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, तर अँटीबॉडीला दोष देण्यापूर्वी दोघांकडच्या टॉक्सिनची स्ट्रेन तपासावी, आणि अँटीबॉडीचा नवा लॉट (उत्पादनाची खेप) आला की तो जुन्या लॉटच्या शिल्लक भागाशेजारी त्याच प्लेटवर चालवून पाहावा.