जुन्या फ्लॅटच्या नूतनीकरणाचे काम हाती घेताना

अंतर्गत वास्तुरचनेत नव्याने उतरलेल्यांनी जुन्या फ्लॅटच्या कामाचा पहिला दिवस केवळ मोजमापासाठी राखून ठेवावा. विकासकाच्या नकाशावर विसंबू नये, कारण गिलाव्याची जाडी किंवा बीम छताखाली किती उतरला आहे, हे त्यात बहुधा सापडत नाही. खोलीच्या चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत; समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्णांत फरक आला तर खोली गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, असे समजावे. हा फरक तेव्हाच नोंदवला नाही, तर पुढे भिंतीतल्या कपाटाच्या कडेला पाचरीच्या आकाराची फट राहते आणि ती पट्टी ठोकून झाकावी लागते.

न्हाणीघर सरकवून देण्याची मागणी ग्राहक हमखास करतात. अनेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली उतरवून टाकलेला असतो आणि त्या खोलगट जागेतून सांडपाण्याचे पाइप उताराने नेलेले असतात. शेजारच्या खोलीखाली अशी जागा नसल्याने कमोड तिकडे नेल्यास जमीन उचलावी लागते, दारात पायरी येते आणि खालच्या घराच्या शयनगृहावर गळतीची टांगती तलवार राहते. अशा वेळी स्पष्ट नकार देणेच मला योग्य वाटते. भिंत पाडण्यापूर्वी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि सोसायटीची परवानगी घ्यावीच, शिवाय महापालिकेची परवानगी लागते का, तेही पाहावे.

स्वयंपाकाच्या ओट्याची उंची सर्वसाधारणपणे ८५० मिलिमीटर धरतात. तरीही रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष उभे करून, कोपराच्या उंचीवरून ती ठरवणे अधिक बरे. आराखडा मिलिमीटरमध्ये काढला, तरी सुतार बहुधा इंच आणि सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर, एवढा हिशेब तोंडपाठ हवा.

तोडफोड, पाइप आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, फॉल्स सीलिंग, सुतारकाम, रंग असा कामाचा साधारण क्रम असतो. वॉटरप्रूफिंगनंतर न्हाणीघरात किमान २४ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का, हे स्वतः जाऊन पाहावे. पाइप आणि वायर गिलाव्याआड जाण्यापूर्वी मोजपट्टी भिंतीला लावून त्यांची छायाचित्रे काढावीत आणि ती ग्राहकाला अंतिम आराखड्यासोबत द्यावीत.