मोबाइलवरून पोरापोरींशी आरोग्याचं बोलताय? या चुका टाळा

शाळेत नर्स म्हणून लागलेल्या नव्या मुली पहिल्या आठवड्यात हमखास एक काम करतात, व्हॉट्सअॅप ग्रुप काढतात. नाव 'किशोरी आरोग्य', डीपीला गुलाबी फूल. वाळवा तालुक्यातल्या शाळेत मीही तेच केलं होतं, म्हणून हक्कानं बोलते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे फोन मुलीचाच आहे असं धरून चालणं. नववीतल्या एका पोरीचा रात्री साडेनऊला मेसेज आला, "सिस्टर, दोन महिने पाळी आली नाही." मी लगेच लांबलचक उत्तर टाइप केलं. सुरुवातीची काही वर्षं पाळी मागंपुढं होते, घाबरू नको. इथवर ठीक होतं. पण पुढं "संबंध आले असतील तर तेही सांग" असं लिहिलं आणि माती खाल्ली. पोरगी तोवर झोपली होती. फोन भावाचा. सकाळी प्रार्थनेआधीच तो ऑफिसात हजर, "आमच्या बहिणीवर कसला संशय घेताय ओ?" पोरगी तीन आठवडे शाळेत आली नाही. पाळी त्या दिवसांत आलीसुद्धा. माझ्याकडं मात्र ती परत काही विचारायला आली नाही.

तेव्हापासून अशा मेसेजला माझं उत्तर ठरलेलं, "उद्या मधल्या सुट्टीत वजन करायला ये." वजन कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. काटा मी मुद्दाम कपाटाआड ठेवलाय, म्हणजे तिथं दोन मिनिटं बोलता येतं. अपवाद एकच. "जगावंसं वाटत नाही" असं कुणी लिहिलं, तर उद्याची वाट बघायची नाही. त्याच क्षणी फोन लावायचा, घरात मोठं कोण आहे ते विचारायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्यायचा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

दुसरी चूक, "कुणालाही सांगणार नाही" म्हणून शपथ घेणं. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. मी पहिल्याच भेटीत सांगते, "जिवाला धोका असेल किंवा कुणी अंगचटीला आलं असेल, तर मला पुढं सांगावं लागेल. बाकीचं माझ्यापाशी राहील." नव्या मुली म्हणतात, असं सांगितलं तर पोरं बोलणारच नाहीत. बोलतात बाई. चौथ्या-पाचव्या खेपेला बोलतात. तुम्हाला पहिल्याच खेपेला रजिस्टर भरायचं असतं, ही अडचण आहे.

गूगल फॉर्मवर "नाव लिहू नका" म्हणायचं आणि ईमेल गोळा करण्याचं बटण चालूच ठेवायचं, हे तर दरवर्षी बघते. वर इयत्ता, तुकडी, गाव विचारायचं. आठवी ब मध्ये त्या गावच्या दोनच पोरी असल्या, तर नाव लपलं कुठं?

ऑनलाइन व्याख्यानाला मुख्याध्यापक पहिल्या खुर्चीत, आणि वर "कुणाला शंका?" काय डोंबल विचारणार पोरं! मी चिठ्ठ्या वाटते. प्रत्येकानं लिहायचंच. शंका नसेल तर सकाळी काय खाल्लं ते लिहायचं, म्हणजे कोण विचारतंय हे शेजारच्याला कळत नाही.

त्याच चिठ्ठ्यांतून कळलं की निम्म्यांचा नाश्ता चहा-चपाती. आणि आपण आठवड्याच्या लोहाच्या निळ्या गोळीची आठवण पाठवतो सकाळी सातला! रिकाम्या पोटी मळमळतं, चहामुळं लोह नीट अंगी लागत नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची, पुढं तासभर चहा नको. शी काळी होते हेही आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळी आयांचे फोन घ्या.

मुलग्यांना विसरू नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयाच्या मुलामुलींचा आहे, एकट्या मुलींचा नाही. आणि 'स्वप्नदोष' शब्द बोलण्यातून काढा. दोष कसला त्यात?

"मैत्री क्लिनिकला जा" म्हणून किशोरवयीनांच्या त्या सरकारी सल्ला केंद्राचा पत्ता फॉरवर्ड करण्याआधी समुपदेशक कुठल्या वारी बसतात ते विचारून घ्या. एक पोरगा एसटीनं तालुक्याला जाऊन बंद दार बघून आला होता. आता पहिल्या खेपेला मीच बरोबर जाते.