दात घासण्याआधी दात ओळखावेत

खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूवर जीभ फिरवून पाहावी. तिथे गुळगुळीत स्पर्शाऐवजी खडबडीत कड लागली, तर ती दाताची नसून साचलेल्या किटणाची असते. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे त्याच जागी उघडतात, आणि लाळेतील कॅल्शियम दातांवरच्या मऊ, चिकट थरात मुरून त्याचा दगड बनतो. थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. किटण झाल्यावर मात्र कितीही जोर लावला तरी ते हलत नाही, उलट हिरड्या मागे सरकतात आणि दातांच्या मुळाशी खाचा पडतात.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे मोडलेले हाड जसे सांधते तसे झिजलेले इनॅमल पुन्हा वाढत नाही. त्याच्या आत सूक्ष्म नलिकांनी भरलेले दंतिन आणि गाभ्यात नसा व रक्तवाहिन्या असलेली दंतमज्जा असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा खाली गेला की सकाळी चूळ भरताच अनेकांच्या दातांतून कळ जाते. बहुतेकदा इनॅमल झिजून किंवा हिरडी मागे सरकून उघडे पडलेले दंतिन हे तिचे कारण असते.

‘दात किडला’ असे आपण म्हणतो, पण त्यात किडा नसतो. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दातालगतचा सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. हे आम्ल निवळून खनिजे परत बसवण्याचे काम लाळ करते, परंतु त्यासाठी तिला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हा प्रश्न माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. जेवणाबरोबर दोन पेढे खाणाऱ्यापेक्षा टेबलावरच्या वाटीतले चार-चार बेदाणे दिवसभर तोंडात टाकणाऱ्याचे दात जास्त धोक्यात असतात, कारण बेदाणा दाढेच्या खाचेत चिकटून राहतो आणि लाळेला उसंत मिळत नाही. दर तासाच्या गोड चहाचेही तसेच आहे. द्राक्षे मुळातच आंबट असतात. हंगामात घडच्या घड संपवल्यावर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि अर्ध्या तासानंतरच दात घासावेत.

आपल्याकडे दात सकाळी चहाआधी घासण्याची रीत पक्की आहे, पण रात्रीचे राहून जाते. झोपेत लाळ अतिशय कमी सुटते, त्यामुळे दिवसातून एकदाच नीट घासणे जमणार असेल तर मी रात्रीची वेळ निवडण्यास सांगेन; अर्थात दोन्ही वेळा घासणे उत्तम. मऊ केसांचा ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर साधारण ४५ अंशांत तिरका धरावा, जागच्या जागी हलकेच थरथरवावा आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवावा. आतल्या बाजूंसह सगळे दात घासायला दोन मिनिटे लागतात. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरते आणि तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. शेवटी फेस थुंकून टाकावा, मात्र भरपूर पाण्याने चूळ भरू नये, कारण त्याबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, वापरावा; टाचणी मुळीच नको. मशेरी ही भाजलेली तंबाखूच असल्याने तिला दंतमंजन समजू नये.

घासताना रक्त आले की लोक ती जागा टाळतात आणि तिथेच अधिक थर साचतो. रक्त येणे हे हिरडी सुजल्याचे लक्षण आहे; मऊ हाताने घासत राहावे, आणि आठ-पंधरा दिवसांत थांबले नाही तर दंतवैद्यांना दाखवावे. किटण काढल्याने दात हलतात हा समज चुकीचा आहे. हिरडी आणि हाड आधीच झिजलेले असते, किटण निघाल्यावर ते केवळ जाणवते.

पालकांनी मुलाच्या सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पाहावे. तिथे कोणताही दात न पडता पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते आणि तिच्या खोल खाचांमुळे लवकर किडते. त्या खाचा दंतवैद्यांकडून सीलंटने बुजवून घेता येतात. खर्चाची चिंता असेल, तर पंचवटीतील दंत महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत उपचार सहसा खासगी दवाखान्यांपेक्षा कमी खर्चात होतात.

अनेक दिवस ठणकणारी दाढ अचानक शांत झाली म्हणून ठरलेली भेट रद्द करू नये. आतली मज्जा मेली की ठणका थांबतो, पण मुळाशी पू साचतच राहतो. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप किंवा गिळताना त्रास जाणवू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.