ॲडव्हेंचर मोटारसायकलची टेस्ट राइड कशी घ्यावी आणि खरेदीचा निर्णय कसा करावा

ॲडव्हेंचर मोटारसायकलच्या, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेल्या गाडीच्या, टेस्ट राइडवरून बहुतेक जण इंजिनाची ताकद अनुभवून परत येतात आणि तेवढ्यावरच निर्णय करून मोकळे होतात. वास्तविक या वर्गातल्या जवळपास प्रत्येक गाडीचे इंजिन पंधरा मिनिटांत भुरळ घालण्याइतके चांगले असते. गाडी घरी आल्यानंतर मालकाला ज्या गोष्टी जाचतात त्या निराळ्याच असतात: उभ्या गाडीचे वजन, उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे घेताना होणारी दमछाक, हेल्मेट सतत हलवणारा वारा, गर्दीत पोटरीला लागणारी इंजिनाची धग. म्हणून टेस्ट राइडचा निम्म्याहून अधिक वेळ थांबलेल्या गाडीवर आणि अगदी कमी वेगावर घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचा क्रम त्याच हिशेबाने मांडला आहे.

घरी बसून करायची तयारी

सर्वप्रथम गेल्या वर्षभरात आपण प्रत्यक्षात कुठे आणि कशी गाडी चालवली, हे कागदावर लिहून काढावे. डांबरी रस्ता किती, कच्चा रस्ता किती, मागे कोणी बसलेले किती वेळा होते, एका दिवसात जास्तीत जास्त अंतर किती कापले, एवढे पुरे. ज्या प्रवासांची नुसती स्वप्ने पाहिली ते या यादीत येऊ देऊ नयेत, कारण विक्रेत्याची सगळी मांडणी नेमकी त्याच प्रवासांवर उभी असते.

ही यादी हातात असली की तांत्रिक माहितीचा तक्ता वाचणे सोपे जाते. त्यातला सर्वांत बोलका आकडा म्हणजे पुढच्या चाकाचा व्यास. २१ इंचांचे चाक दगड आणि खड्डे सहज ओलांडते, पण डांबरी वळणांवर थोडे सावकाश वळते. १७ इंचांचे चाक रस्त्यावर चपळ असते आणि खडीत लवकर अडखळते. १९ इंचांचे चाक या दोहोंच्या मध्ये बसते. निर्मात्याने ती गाडी कोणत्या कामासाठी घडवली, हे जाहिरातीपेक्षा या आकड्यावरून अधिक खरे कळते. हा वर्ग मुळातच तडजोडीतून जन्मलेला आहे. १९८० साली बीएमडब्ल्यूने आणलेली आर ८० जी/एस ही या प्रकारातली आद्य गाडी मानली जाते आणि तिच्या नावातली शेवटची दोन अक्षरे जर्मन भाषेत कच्चा मुलूख आणि पक्का रस्ता अशी दोन्ही टोके सांगतात. तेव्हापासून प्रत्येक निर्माता या दोन टोकांमध्ये आपापली जागा निवडत आला आहे, त्यामुळे आपली जागा कोणती हे ग्राहकानेही आधीच ठरवलेले बरे.

दुसरा आकडा वजनाचा. तो इंधनासह दिलेला आहे की इंधनाविना, हे नीट पाहावे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे २० लिटरची टाकी भरली की पंधरा किलोंची भर पडते आणि तीही गाडीच्या वरच्या भागात, जिथे ती सर्वांत जास्त जाणवते. याच तक्त्यात गाडीचे कमाल अनुज्ञेय एकूण वजनही दिलेले असते. समजा ते ४०० किलो आहे आणि गाडी इंधनासह २२० किलोंची आहे, तर उरले १८० किलो. त्यातून जाकीट-बुटांसह चालवणाऱ्याचे ८५ आणि मागे बसणाऱ्याचे ६५ किलो वजा केले की ३० किलो राहतात. सामानाच्या धातूच्या तीन पेट्या आणि त्यांच्या चौकटी यांतला निम्म्याहून अधिक भाग रिकाम्या असतानाच खाऊन टाकतात. जोडीने लांबचा प्रवास करण्याचा बेत असेल तर हे गणित टेस्ट राइडच्या आधीच करावे. कित्येक गाड्या इथेच यादीतून गळतात.

वेळ ठरवताना

किमान एक तासाची राइड मागावी. दहा मिनिटांच्या फेरीत काहीच कळत नाही, आणि जो विक्रेता तेवढीच देऊ करतो त्याच्याकडे ती ओळखपरेड समजून दुसऱ्यांदा येण्याची वेळ मागून घ्यावी. आपण ज्या उंचीची सीट आणि जे टायर घेणार आहोत तेच टेस्ट राइडच्या गाडीला आहेत का, हे आधी विचारावे. दिवस उन्हाचा असेल तर उत्तम, कारण इंजिनाची उष्णता तेव्हाच खरी कळते. सही करण्यासाठी जो कागद पुढे येतो तो वाचल्याशिवाय सही करू नये. गाडी पडल्यास विमा किती नुकसान भरतो आणि किती रक्कम आपल्या अंगावर येते, ते त्यात लिहिलेले असते. हेल्मेट, हातमोजे आणि बूट आपले नेहमीचेच असावेत. जाड तळव्याच्या बुटांमुळे सीटची उंची निराळी जाणवते आणि गिअरच्या लिव्हरखाली पाय शिरतो की नाही, हेही तेव्हाच समजते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी

हा टप्पा घाईने उरकू नये. आधी गाडी साइड स्टँडवरून सरळ करून पाहावी आणि तिचा तोल कुठे जातो ते हातांना कळू द्यावे. मग सीटवर न बसता, बाजूला उभे राहून ती पाच-सात पावले पुढे आणि तितकीच मागे ढकलावी. शक्य असल्यास हेच थोड्या चढावर करावे. सेंटर स्टँड असेल तर त्यावर एकट्याने चढवून पाहावी. या साध्या कामांत जर दम लागत असेल किंवा मनात धाकधूक होत असेल, तर सामानाने लादलेली, ओल्या मातीवर आडवी झालेली तीच गाडी एकट्याने उचलायची आहे, हे लक्षात घ्यावे.

त्यानंतर सीटवर बसावे. तक्त्यातला सीटच्या उंचीचा आकडा बराच फसवा असतो, कारण सीट पुढच्या बाजूला किती निमुळती आहे आणि आपल्या वजनाने सस्पेन्शन किती खाली बसते, यांवर पाय टेकणे अवलंबून असते. ८५० मिलिमीटरची निमुळती सीट ८२० मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा सोयीची ठरू शकते. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत असे नाही. एक पाऊल पूर्ण टेकते, दुसरे पायदानावर राहते आणि तरीही गाडी निवांत उभी राहते, एवढे पुरेसे आहे. मात्र दोन्ही बाजूंना केवळ बोटेच टेकत असतील तर उंच सीटची हौस बाजूला ठेवावी आणि बुटकी सीट मिळते का ते विचारावे.

सस्पेन्शन आपल्या वजनाला जुळवून घेतल्याशिवाय राइडला निघू नये, कारण आधीच्या माणसासाठी लावलेले स्प्रिंग आपल्याला चुकीचेच मत देतील. पद्धत सोपी आहे. सहायकाने गाडीचा मागचा भाग उचलून धरावा, म्हणजे चाक जमिनीवरून सुटेल किंवा सुटायला येईल. त्या स्थितीत चाकाच्या आसापासून सरळ वर मागच्या चौकटीवरच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग आपण पूर्ण पोशाखात गाडीवर बसून, दोन्ही पाय पायदानावर ठेवून, तेच अंतर पुन्हा मोजून घ्यावे. दोन मापांतला फरक सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश असावा. म्हणजे २०० मिलिमीटरची हालचाल असेल तर साधारण ६० ते ६५ मिलिमीटर. फरक खूपच जास्त निघाला तर स्प्रिंगचा ताण वाढवून घ्यावा. काही गाड्यांत त्यासाठी हाताने फिरवायची गोल मूठ असते, काहींत हुकाचा पाना लागतो. मागे बसणारा माणूस रोज बदलणार असेल तर हा फरक क्षुल्लक नाही.

शेवटी, कोणीतरी गाडी धरलेली असताना पायदानांवर उभे राहावे. गुडघे टाकीला सहज भिडतात का, हँडल धरण्यासाठी कमरेत किती वाकावे लागते आणि त्या अवस्थेत उजव्या पायाखाली ब्रेक येतो का, हे पाहावे. हँडल उंचावणारे सुटे भाग मिळतात, त्यामुळे थोडा वाक चालून जाईल. पण टाकीची रुंदी कुठल्याही सुट्या भागाने बदलत नाही.

रस्त्यावर

पहिली काही मिनिटे सावकाश चालवावी, विशेषतः टायर नवेकोरे असतील तर, कारण त्यांची पकड पूर्णपणे बसायला काही अंतर जावे लागते. मोकळी जागा मिळताच चालण्याच्या वेगाने सरळ रेषेत जाऊन पाहावे, मग हँडल पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळ घ्यावे. क्लच कुठे पकडतो, तो हलका आहे की बोटे दुखवतो आणि वळणाच्या ऐन मध्यावर इंजिन बंद पडण्याची भीती वाटते का, याची उत्तरे इथे मिळतात. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरच्या आसपास थ्रॉटल हळूच बंद करून पुन्हा उघडावा. गाडी झटके देत असेल तर ओबडधोबड रस्त्यावर ती दिवसभर तशीच छळेल.

ब्रेकची परीक्षा मागे वाहन नसताना घ्यावी. लांब हालचालीच्या सस्पेन्शनमुळे ब्रेक दाबताच पुढचा भाग झुकतो, त्यात वावगे काही नाही. तो झुकावा, पण एकदम ढासळू नये. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना मागचे चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) यांची बटणे मात्र गाडी थांबवूनच तपासावीत: कच्च्या रस्त्यासाठी मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येते का, त्यासाठी किती वेळा बटण दाबावे लागते, आणि चावी बंद करून पुन्हा लावल्यावर ती निवड टिकते का. सुरक्षेच्या कारणाने पुष्कळ गाड्या मूळ स्थितीत परत येतात, आणि प्रत्येक थांब्यानंतर मेनूमध्ये शिरणे किती जणांना मानवेल, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

त्यानंतर मोठ्या रस्त्यावर निदान पंधरा मिनिटे एकाच वेगाने, अर्थात तिथल्या मर्यादेत, जावे. आरशात मागचे वाहन स्पष्ट दिसते की थरथरणारा ठिपका दिसतो, हातांना मुंग्या येतात का, मांडीखाली सीट टोचू लागते का, याकडे लक्ष द्यावे. वाऱ्याची कसोटी घेण्यासाठी पायदानांवर क्षणभर थोडे उचलून उभे राहावे. डोके गाडीच्या पुढे बसवलेल्या, वारा अडवणाऱ्या काचेच्या वर गेल्यावर आवाज वाढण्याऐवजी कमी झाला, तर काचेच्या कडेवरून सुटणारी वाऱ्याची वावटळ नेमकी आपल्या हेल्मेटवर आदळते आहे असे समजावे. काच वरखाली करून फरक पडतो का, तेही तिथेच थांबून पाहावे. उंच काच म्हणजे शांत काच, हा समज बऱ्याचदा खोटा ठरतो. परतताना गर्दीतून यावे, म्हणजे पंखा सुरू झाल्यावर गरम हवा कोणत्या पायावर येते ते कळेल.

कच्च्या रस्त्यावर नेण्याची परवानगी नसेल तर नेऊ नये. त्याऐवजी खराब झालेला डांबरी रस्ता आणि गतिरोधक पुरेसे आहेत; त्यांवरून एकदा बसून आणि एकदा उभे राहून जावे. मागे नेहमी कोणी बसणार असेल तर त्या व्यक्तीला घेऊन दुसरी छोटी फेरी मारावी आणि तिचे म्हणणे मुकाट्याने ऐकावे.

निर्णय करताना

शोरूममधून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, शक्यतो लगेच, आपली जुनी गाडी त्याच रस्त्यावरून चालवावी. दोहोंतला फरक शरीराला ताजा असताना जे जाणवते ते टिपून ठेवावे, कारण दोन दिवसांनी आठवणीत फक्त इंजिनाचा आवाज उरतो. विचारात असलेली दुसरी गाडीही जमल्यास त्याच आठवड्यात चालवावी.

पैशांचा हिशेब केवळ गाडीच्या किमतीवर थांबत नाही. इंजिनाखालचे संरक्षक पत्रे, क्रॅश गार्ड, पेट्या आणि चांगले बूट धरूनच आकडा मांडावा. दोन सर्व्हिसिंगमधले अंतर किती, व्हॉल्व्हची तपासणी कधी येते आणि तिला मजुरी किती लागते, हे लेखी विचारावे. याहूनही महत्त्वाचे म्हणजे गाडी आडवी पडल्यावर जे मोडते त्याची चौकशी: ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, इंडिकेटर, रेडिएटर, बाजूचे प्लास्टिक, आणि हे भाग मागवल्यावर किती दिवसांत मिळतात. चाके तारांची असतील तर टायर ट्यूबचे आहेत की ट्यूबलेस, हे बघावे. ट्यूबलेसचे पंक्चर रस्त्याच्या कडेला काही मिनिटांत बुजवता येते, तर ट्यूबच्या टायरसाठी चाक काढून टायर रिमवरून उतरवावा लागतो.

दोन गाड्यांमध्ये मन अडकले तर हलकी गाडी घ्यावी, असा माझा सल्ला राहील. जास्तीची ताकद महिन्यातून एखाद्या वेळी उपयोगी पडते, जास्तीचे वजन मात्र गाडी गेटमधून बाहेर काढताना रोज सोसावे लागते. सुरुवातीच्या यादीत कच्च्या रस्त्याचा वाटा अगदी नगण्य निघाला असेल तर १७ इंची चाकांची, रस्त्याकडे झुकलेली गाडी निवडण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि तरीही उत्तर सापडत नसेल तर तीच गाडी दोन दिवस भाड्याने मिळते का ते पाहावे. त्या भाड्याइतका सत्कारणी लागणारा खर्च या व्यवहारात दुसरा नाही. मॉडेल नुकतेच बाजारात आले असेल तर काही महिने थांबायला हरकत नसते, कारण पहिल्या तुकडीतले दोष तोवर उघड होतात आणि त्यांवरचे उपायही ठरलेले असतात.

ठरलेच, तर उरलेली रक्कम देण्याआधी आपल्याला मिळणारी नेमकी गाडी डोळ्यांखालून घालावी. तिच्या निर्मितीचा महिना पाहावा आणि टायरच्या कडेवर चौकटीत कोरलेले चार अंक वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे ३५२४ असे असेल तर टायर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. सीट कबूल केलेल्या उंचीची आहे याची खात्री करावी, आणि टेस्ट राइडच्या वेळी लिहून घेतलेले सस्पेन्शनचे माप नव्या गाडीवरही लावून घेऊनच चावी ताब्यात घ्यावी.