जुन्या कॅल्क्युलेटरवर पाहा एलसीडीची करामत

एलसीडीतला, म्हणजे द्रवस्फटिकाच्या पडद्यावरचा काळा आकडा काळा नसतोच. दोन काचांमधलं द्रवस्फटिक (द्रवासारखं वाहणारं, पण रेणू शिस्तीत रचलेलं) प्रकाश अडवत नाही, फक्त प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवतं. अडवते ती काचांवर पुढे-मागे चिकटवलेली पोलरॉइड फिल्म, जी एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडते. पोलरॉइड गॉगल असेल तर हे घरी पाहता येतं.

१. आधी गॉगल तपासा. एलसीडी लॅपटॉपचा पांढरा पडदा गॉगलमधून पाहत गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा पडला तर गॉगल खरा पोलरॉइड. (रस्त्यावर 'पोलरॉइड' म्हणून विकले जाणारे बरेच इथेच नापास होतात.)

२. सेलवर चालणारा जुना कॅल्क्युलेटर उघडा, पण डिस्प्लेच्या तारा तोडू नका. काचेवरची समोरची फिल्म ब्लेडने कोपऱ्यातून उचला आणि सावकाश सोला. काच पातळ असते, तेव्हा जोर नको. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

३. कॅल्क्युलेटर चालू करून ८८८८ दाबा. काच कोरी दिसेल! आता सोललेल्या फिल्मऐवजी गॉगलमधून पाहा: आकडे हजर. गॉगल ९० अंशांत फिरवला, की काळ्यावर उजळ आकडे.

असं का? काचांच्या आतल्या बाजू अशा घासलेल्या असतात की रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत जाताना ९० अंशांची पीळ घेतात. प्रकाशाची दिशाही त्याबरोबर वळते आणि तो दुसऱ्या फिल्ममधून निसटतो. एकदोन व्होल्ट मिळाले की रेणू उभे राहतात, पीळ सुटते, प्रकाश न वळता येतो आणि अडतो. काचांमधलं अंतर जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असतं, पण इतक्या कमी व्होल्टेजवर भागतं ते त्यामुळे नव्हे: अंतर बदललं तरी लागणारं व्होल्टेज जवळपास तेच राहतं. ही रचना शाट आणि हेलफ्रिख या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला केली.

४. आकडे काळे दिसतील असा गॉगल धरून काचेवर हेअर ड्रायरची गरम हवा लांबूनच सोडा. पुरेशी तापली की आकड्यांभोवतीची जागाही काळवंडते, कारण रेणूंची शिस्तच विस्कटते आणि द्रव साध्या पाण्यासारखा होतो. गार झाल्यावर सगळं पूर्ववत. १८८८ मध्ये प्रागमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झर यांनी हेच बदल कोलेस्टेरिल बेन्झोएट या पदार्थात पाहिले: १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळून गढूळ झालं, १७८.५ ला एकदम नितळ.

५. काचेच्या कडेच्या जोडांना स्वतः सेल लावून पाहायचा मोह झालाच, तर क्षणभरच लावा. एकाच दिशेच्या विजेने द्रवाचं विघटन होतं, म्हणून कॅल्क्युलेटरची चिप व्होल्टेजची दिशा सेकंदाला अनेकदा उलटवत असते.